आई, मुलगी, बाहुली: येमेनच्या एका छायाचित्रकाराच्या नऊ चौकटी कशा वाचायच्या

येमेनच्या छायाचित्रकार बुशरा अल्मुतवक्किल यांनी २०१० साली एक मालिका केली. नाव अगदी साधं: 'आई, मुलगी, बाहुली'. नऊ रंगीत छायाचित्रं आणि त्यांत त्याच तिघी. आई, तिला बिलगून बसलेली लहान मुलगी आणि मुलीच्या हातातली बाहुली. मागे काळा पडदा. कॅमेरा जागचा हलत नाही, तिघींची बैठक बदलत नाही. बदलतात ते कपडे.

पहिल्या चौकटीत आईच्या डोक्यावर रंगीत स्कार्फ आहे, मुलीचे केस मोकळे आहेत, चेहऱ्यांवर हसू आहे. पुढे सरकताना आईचा स्कार्फ वाढत जातो, अंगावरचे रंग एकेक करून गळतात. मग मुलीच्याही डोक्यावर कापड येतं. मग बाहुलीच्याही. काळा रंग पसरत जातो, चेहरे झाकले जातात, हातही झाकले जातात. हसू नेमकं कधी मावळलं हे पटकन सांगता येत नाही, मागे जाऊन शोधावं लागतं. शेवटाकडे तिघींचे नुसते काळे आकार उरतात. आणि नवव्या चौकटीत कोणीच नसतं, फक्त काळोख.

या मालिकेतली आई म्हणजे स्वतः बुशरा, आणि मुलगी त्यांचीच लेक.

ही छायाचित्रं इंटरनेटवर प्रचंड फिरली. कित्येकदा कलाकाराचं नाव सोबत नसायचं, आणि खाली लिहिलेला अर्थ ठरलेला: बघा, इस्लाम बाईला कसा पुसून टाकतो. काही मुस्लिम प्रेक्षकांनाही हा हिजाबवरचा हल्लाच वाटला. म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या दोन गटांनी चित्राचा अर्थ मात्र एकच लावला.

बुशरा यांचं स्वतःचं म्हणणं वेगळं आहे. आपला विरोध हिजाबला नाही, अतिरेकाला आहे, असं त्या सांगत आल्या आहेत. लहान मुलींनाही झाकायचं, बाईला चारचौघांतून दिसेनासं करायचं, ही जी ओढ आहे तिच्याविषयी ही मालिका आहे. डोकं झाकणारी प्रत्येक बाई दुबळी, अडाणी, दबलेली असं चित्र पाश्चात्त्य माध्यमं रंगवतात, त्यात आपल्या कामाने भर पडू नये याचीही काळजी त्यांच्या निवेदनात दिसते. हिजाबविषयी त्यांच्या मनात एकच एक ठाम भावना नाही, आणि ते त्या लपवत नाहीत.

मला वाटतं, ही मालिका नीट कळायची असेल तर स्कार्फवरून नजर काढून आधी त्या दोघींच्या नात्याकडे बघावं लागतं. पण तिथे पोहोचण्याआधी थोडी तयारी हवी.

कपड्यांची नावं आणि त्यांचा प्रवास

मराठीत आपण सरसकट 'बुरखा' म्हणतो आणि त्यात पाच वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. हिजाब म्हणजे केस, कान, मान झाकणारं कापड. त्यात चेहरा उघडा असतो. निकाब चेहऱ्यावर येतो आणि फक्त डोळे मोकळे ठेवतो. अबाया हा पायघोळ, सैल झगा. इराणमधला चादोर म्हणजे डोक्यावरून घेऊन हाताने धरायचं मोठं अर्धगोल कापड. अफगाणिस्तानातल्या बुरख्यात डोळ्यांपुढेही जाळी असते. कुराणात बाईच्या पेहरावाविषयी ज्या आयतींचा, म्हणजे वचनांचा, आधार घेतला जातो त्या थोड्या आहेत, त्यांत प्रामुख्याने सूरा (अध्याय) २४ मधली ३१वी आणि सूरा ३३ मधली ५९वी. चेहरा झाकलाच पाहिजे का, यावर मुस्लिम धर्मपंडितांमध्येच शतकानुशतकं मतभेद आहेत. हे लक्षात ठेवलं की 'इस्लाम असं सांगतो' एवढ्या एका वाक्यात विषय आटोपता येत नाही.

येमेनची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. बुशरा यांचा जन्म १९६९चा, येमेनची राजधानी सना इथला. जुन्या सनामधल्या बायका बाहेर पडताना 'सितारा' पांघरत. सितारा म्हणजे लाल, निळ्या, हिरव्या ठसठशीत नक्षीचं मोठं सुती कापड, आणि हे छापील कापड पूर्वापार भारतातून जात असे. चेहऱ्यावर काळ्या कापडाचा पडदा, त्यावर तांबडे-पांढरे मोठे ठिपके. म्हणजे चेहरा तेव्हाही झाकलेला होता, पण गल्लीतून चाललेली बाई ही रंगांची एक झुळूक होती. दुसरीकडे, डोंगराळ गावांत शेतात राबणाऱ्या कित्येक बायकांचे चेहरे उघडेच असत. पूर्वेकडच्या हद्रमौतमध्ये शेतकरी बायका काळे कपडे आणि त्यावर उंच, निमुळत्या गवती टोप्या घालतात. एकाच देशात इतके प्रकार.

मग सनामध्ये काळा रंग आला कुठून? एक वाट तुर्कांकडून येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑटोमन सत्ता उत्तर येमेनमध्ये परतली आणि तिच्यासोबत 'शरशफ' हा काळा पेहराव आला. सुरुवातीला तो वरच्या थरातल्या घरांचा मान होता. १९६२च्या क्रांतीने उत्तर येमेनमधली इमामांची, म्हणजे धर्मगुरू असलेल्या राजांची, राजवट संपली, तेव्हा हा मानाचा पोशाख सामान्य घरांतल्या बायकांनीही उचलला. ज्याला आज पुष्कळ लोक मागासपणाची खूण म्हणतात, तो तिथे एकेकाळी समतेच्या भावनेने पसरला. मला हा भाग फार बोलका वाटतो. त्यानंतर आला 'बाल्टो', म्हणजे लांब काळा कोट. याच्या मागे आखाती देशांचा वारा होता. १९७० आणि ८०च्या दशकांत लाखो येमेनी सौदी अरेबियात कामाला गेले. १९९०च्या कुवेत संकटात सौदीशी बिनसलं आणि त्यातले सुमारे आठ लाख माघारी आले. माणसं परततात तेव्हा पैशांसोबत धर्माविषयीच्या, घराविषयीच्या कल्पनाही आणतात.

दक्षिणेकडच्या एडनचा रस्ता उलटा होता. या शहराशी आपला संबंध जुना आहे: १८३९मध्ये ब्रिटिशांनी एडन घेतलं आणि १९३२पर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालत होता. वासुदेव बळवंत फडक्यांना तिथल्याच तुरुंगात ठेवलं होतं, १८८३ साली ते तिथेच गेले. १९६७मध्ये ब्रिटिश निघून गेल्यावर दक्षिण येमेनमध्ये मार्क्सवादी सरकार आलं. १९७४च्या कुटुंब कायद्याने बहुपत्नीत्वावर कडक बंधनं घातली, आणि एडनमध्ये डोकं न झाकता कामावर जाणाऱ्या बायका ही नेहमीची गोष्ट होती. १९९०मध्ये दोन्ही येमेन एक झाले, १९९४च्या यादवीत दक्षिण हरली, आणि पुढच्या वर्षांत एडनच्या रस्त्यांवरही काळा रंग वाढत गेला.

हे सगळं डोक्यात ठेवून नऊ चौकटी पुन्हा पाहिल्या तर काळ्या रंगाचा अर्थ बदलतो. रंगाकडून काळ्याकडे जाणारा हा प्रवास बुशरा यांच्या पिढीने आपल्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. सनातली ही काळी वस्त्रं अनादी परंपरा नाहीत. ती कधी आली, कोणाबरोबर आली, हे सांगता येतं.

आपल्याकडेही असे बदल जुन्या फोटोंत सापडतात. कोकणातल्या मुसलमान घरांच्या अल्बममध्ये आजी साडीत असते, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि नात काळ्या अबायात. त्या नातीने अबाया का निवडला हे फोटो सांगत नाही. तिलाच विचारावं लागतं.

आई कशासाठी?

आता मुख्य मुद्दा. हिजाबवर चर्चा होते तेव्हा समोर नेहमी दोन पक्ष उभे केले जातात: एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला तिला झाकणारा पुरुष, मौलवी किंवा सरकार. बुशरा यांच्या मालिकेत पुरुष नाही. मौलवी नाही. पोलीस नाही. आई आहे.

मुलीच्या डोक्यावर पहिला स्कार्फ कोण बांधतं? बहुतेक घरांत आई. तो कसा घ्यायचा, टाचणी कुठे लावायची, हे शिकवते तीच. तिच्या त्या हातांत प्रेम असतं, अभिमान असतो, आणि पुष्कळदा भीतीही असते: लोक काय म्हणतील, पोरीला कोणी छेडलं तर, सासरी नावं ठेवली तर. जो नियम बाहेरून सक्तीने आला असता तर बोचला असता, तो आईच्या हातून येतो तेव्हा मायेच्या उबेने येतो. म्हणून त्याला नाही म्हणणं अवघड, आणि म्हणूनच त्याविषयी बोलणंही अवघड. बुशरा स्वतः आईच्या जागी बसल्या आहेत हे मला या मालिकेतलं सगळ्यांत धाडसाचं पाऊल वाटतं. त्या दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवत नाहीत. या साखळीतल्या एका कडीत त्या स्वतःला बसवतात.

आणि बाहुली? मुलगी बाहुलीशी तेच खेळते जे आई तिच्याशी करते: कपडे घालते, केस विंचरते, झाकते, निजवते. बाहुलीच्या डोक्यावर कापड येतं तेव्हा साखळीची तिसरी कडी दिसते, म्हणजे मुलगीही उद्या कोणाची तरी आई होणार आणि आज ती त्याचा सराव करते आहे. बाहुलीला लाज नसते, तिला कोणी छेडत नाही, तिला पापपुण्य नाही. तिला झाकण्याचं एकही कारण देता येत नाही. तरीही ती झाकली जाते, आणि इथे बघणारा अडखळतो.

नऊ चौकटी का, एक का नाही, याचंही उत्तर यात आहे. पहिली आणि आठवी चौकट शेजारी ठेवली असती तर ती घोषणा झाली असती: आधी असं, नंतर तसं. नऊ पायऱ्यांमुळे प्रत्येक वेळी फरक एवढासाच असतो की त्या पायरीवर हरकत घ्यावीशी वाटत नाही. स्कार्फ जरा लांब झाला, त्यात काय? रंग जरा गडद झाला, त्यात काय? बघणारा माणूसही प्रत्येक चौकटीला मान डोलावत पुढे जातो आणि शेवटी रिकाम्या चौकटीपाशी येऊन थांबतो. कुठे थांबायला हवं होतं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोणी म्हणेल पहिल्याच चौकटीत. कोणी म्हणेल चेहरा झाकला तिथे. कोणी म्हणेल मुलीला हात लावला तिथे. बुशरा रेघ ओढून देत नाहीत. पण पहिल्या चौकटीतली आई स्कार्फमध्ये हसते आहे, हे त्यांनी मुद्दाम ठेवलं आहे. मालिका फिरवणारे हिजाबद्वेष्टे नेमकं तेच विसरतात.

त्यांच्या आणखी एका कामाने हे स्पष्ट होतं. २००८च्या 'असं झालं तर' या छायाचित्रांत एक पुरुष आणि एक स्त्री शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचे कपडे हळूहळू अदलाबदल होतात. पुरुष झाकला जातो, स्त्री येमेनी पुरुषाच्या पोशाखात मोकळी होते. पाहताना प्रथम हसू येतं. मग लक्षात येतं की जे बाईच्या अंगावर आपल्याला स्वाभाविक वाटत होतं तेच पुरुषाच्या अंगावर विचित्र वाटतंय, म्हणजे प्रश्न कापडाचा नव्हता.

हिजाबविषयीच्या या कामांची ठिणगी कुठून पडली, तेही सांगण्यासारखं आहे. इजिप्तच्या लेखिका आणि डॉक्टर नवाल अल सादावी यांचं एक भाषण बुशरा यांनी ऐकलं होतं. सादावींचा मुद्दा असा की मेकअप करणारी बाई आणि निकाब घेणारी बाई एका अर्थी सारख्याच, दोघीही खरा चेहरा झाकतात. हे मत पटो न पटो, त्याने बोट नेमकं दाखवलं: बाईने कसं दिसावं हे ठरवण्याचा हक्क सगळीकडेच दुसऱ्यांनी घेतलेला आहे. बुशरा अमेरिकेत शिकल्या, वॉशिंग्टनमध्ये विद्यार्थिनी असताना छायाचित्रणाकडे वळल्या, पुढे काही वर्षं फ्रान्समध्येही राहिल्या. दोन्हीकडचे आरसे त्यांनी जवळून पाहिले आहेत.

कॅमेऱ्याचा इतिहास निर्मळ नाही

बुरख्यातल्या बाईचं छायाचित्र काढणं ही मुळात साधी गोष्ट नाही, कारण या कामात कॅमेरा फार वाईट वागलेला आहे. त्यासाठी अल्जेरियाकडे जावं लागतं.

१८३०पासून १९६२पर्यंत अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच छायाचित्रकार तिथे पोस्टकार्डं छापायचे. रस्त्यावरच्या झाकलेल्या बायका त्यांच्या कॅमेऱ्याला दाद देत नव्हत्या, म्हणून स्टुडिओत पैसे देऊन मॉडेल आणल्या जायच्या, त्यांना दागिने घालून अर्धवट उघडं बसवलं जायचं, आणि खाली 'अरब स्त्री' असं छापलं जायचं. अशी हजारो कार्डं युरोपभर गेली.

मे १९५८मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, अल्जीयर्सच्या चौकात समारंभ झाले, त्यांत अल्जेरियन बायकांचे पदर जाहीरपणे उतरवले गेले. पुढाकार फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या बायकांचा. हे मुक्तीच्या नावाखाली. आणि १९६०मध्ये फ्रेंच सैन्यातला एक तरुण छायाचित्रकार, मार्क गारांजे, याला हुकूम मिळाला की गावकऱ्यांच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढ. सुमारे दोन हजार जणांचे फोटो त्याने काढले, त्यांतल्या बहुतेक बायका होत्या आणि त्यांना चेहरे उघडायला भाग पाडलं गेलं. त्या फोटोंतल्या नजरा पाहिल्या की अंगावर काटा येतो. गारांजे स्वतः युद्धाच्या विरोधात होता आणि पुढे त्याने हेच फोटो त्या अन्यायाचा पुरावा म्हणून जगापुढे ठेवले.

इराणने दोन्ही टोकं अनुभवली. जानेवारी १९३६मध्ये रझा शाहने डोकं झाकण्यावर बंदी घातली, आणि पोलीस रस्त्यात बायकांचे चादोर ओढून काढत. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर चक्र उलटं फिरलं, आणि १९८३मध्ये डोकं न झाकणाऱ्या बाईला ७४ फटक्यांपर्यंतची शिक्षा कायद्यात आली. सप्टेंबर २०२२मध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी पोशाखाच्या कारणावरून झालेल्या अटकेत असताना गेली आणि सगळा देश रस्त्यावर आला. एका शतकात, एकाच देशात, एकदा काढायची सक्ती आणि एकदा घालायची. दोन्ही वेळा बाईला विचारलं नाही.

म्हणून या विषयावर काम करणाऱ्या आजच्या कलाकार कॅमेऱ्यावर सहजासहजी विश्वास टाकत नाहीत. इराणमध्ये जन्मलेल्या शिरीन नेशात यांनी १९९०च्या दशकात चादोरमधल्या स्वतःच्या छायाचित्रांवर शाईने फारसी कविता लिहिल्या. एक कवयित्री फोरूघ फारोखझाद, बाईच्या इच्छेविषयी निर्भयपणे लिहिणारी. दुसरी ताहेरे सफ्फारझादेह, क्रांतीच्या बाजूची. फारसी न येणाऱ्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला ती अक्षरं नुसती नक्षी वाटतात. पडदा असा त्याच्या डोळ्यांवरही आहे.

पाच जणी, समोरासमोर

या सगळ्या कामांत मला बुशरा यांच्या मालिकेची थोरली बहीण वाटतं ते जनान अल्-अनी यांचं १९९६चं काम. त्यांचा जन्म १९६६चा, इराकमधल्या किर्कुकचा. वडील इराकी, आई आयरिश. १९८०मध्ये आई आणि मुली ब्रिटनमध्ये आल्या, वडील इराकमध्येच राहिले. १९९१च्या आखाती युद्धात जन्मभूमीवर पडणारे बॉम्ब जनान यांनी लंडनमध्ये टीव्हीवर पाहिले. पडद्यावर वाळवंट होतं, नकाशे होते, लक्ष्यं होती; माणसं जवळजवळ नव्हतीच.

१९९६च्या कामात दोन मोठी कृष्णधवल छायाचित्रं आहेत. प्रत्येकात एका रांगेत बसलेल्या पाच बायका: जनान, त्यांच्या तीन बहिणी आणि आई. एका टोकाला पूर्ण झाकलेली, दुसऱ्या टोकाला उघड्या केसांची, आखूड कपड्यांतली, मधल्या तिघी अधेमधे. दुसऱ्या छायाचित्रात त्याच पाच जणी, पण झाकण्याचं प्रमाण बदललेलं. जी इथे झाकलेली तीच तिथे उघडी. आणि ही दोन छायाचित्रं समोरासमोरच्या भिंतींवर लावतात.

परिणाम असा होतो की बघणारा मधे सापडतो. एकीकडे पाहिलं तर पाठीवर पाच जणींची नजर. पोस्टकार्डांच्या काळात बघणारा निवांत होता, बघितली जाणारी अडकलेली होती. इथे उलट. आणि दोन्ही चित्रं आलटून पालटून पाहिली की आपल्याच मनातला हिशोब उघडा पडतो: झाकलेली ती परंपरेतली, उघडी ती स्वतंत्र, असं आपण नकळत मांडलेलं असतं, आणि दुसऱ्या भिंतीवर तीच बाई दुसऱ्या टोकाला बसलेली सापडते. पाचही जणी एकाच घरातल्या. चेहऱ्यांतलं साम्य कापडाखालूनही डोकावतं. जी आयरिश आई आहे ती यात कुठली? बघणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्याच पाच जणींना घेऊन जनान यांनी पुढे 'एक प्रेमळ माणूस' हे व्हिडिओ-काम केलं. पाच पडद्यांवर पाच चेहरे, आणि स्मरणाचा खेळ: एकीने एक वाक्य बोलायचं, दुसरीने ते म्हणून त्यात भर घालायची. त्या वाक्यांतून हळूहळू उभा राहतो घरातला गैरहजर माणूस, कोणाचा बाप, कोणाचा नवरा. या कामात हिजाब नाही. पण पडदा पडलेला माणूस आहे, आणि या वेळी तो पुरुष आहे.

२०१३मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात इराण आणि अरब जगातल्या बारा स्त्री छायाचित्रकारांचं मोठं प्रदर्शन झालं. त्यात बुशरा होत्या, जनान होत्या, शिरीन नेशातही होत्या. तिथे या कामांना एकमेकींची सोबत मिळाली. एकटं छायाचित्र फोनवर फिरतं तेव्हा त्याला कोणीही हवा तो अर्थ चिकटवतं. बारा जणी शेजारी उभ्या राहिल्या की असा एकच अर्थ टिकत नाही.

आई, लेक, नात

झिनेब सेदिरा यांचा जन्म १९६३चा, पॅरिसजवळचा, अल्जेरियातून आलेल्या आईवडिलांच्या पोटी. १९८६मध्ये त्या लंडनला गेल्या. त्यांच्या २०००च्या 'मूक दृष्टी' या चित्रफितीत पडद्यावर फक्त डोळे दिसतात, आणि आवाज सांगतो ती आठवण: लहानपणी आईला पडद्याआड पाहण्याची. पोरीच्या नजरेतून तो प्रश्न धर्माचाही नाही आणि हक्काचाही नाही. आई अजून आईच आहे ना, एवढाच आहे. मोठ्यांच्या वादांत हा आवाज कधी ऐकू येत नाही, म्हणून हे काम मोलाचं.

दोन वर्षांनी त्यांनी तीन पडद्यांचं 'मातृभाषा' केलं. पहिल्या पडद्यावर झिनेब आणि त्यांची आई: आई अरबीत बोलते, लेक फ्रेंचमध्ये, आणि गप्पा छान चालतात. दुसऱ्यावर झिनेब आणि त्यांची मुलगी: आई फ्रेंचमध्ये, मुलगी इंग्रजीत, इथेही निभावतं. तिसऱ्यावर आजी आणि नात. एक अरबी, एक इंग्रजी. दोघी प्रयत्न करतात, आणि संवाद थांबतो.

स्कार्फ कुठेच नसलेलं हे काम मी या लेखात आणतो ते एका कारणासाठी. आईकडून मुलीकडे काय जातं, काय वाटेत सांडतं आणि काय नको असताना सोबत येतं, हा बुशरा यांच्या बाहुलीचाच प्रश्न आहे. परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या आजींना तिसऱ्या पडद्यासमोर उभं केलं तर त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. हिजाबच्या वादात मुस्लिम कुटुंबं आपल्याहून वेगळ्या जातीची माणसं वाटू लागतात. या कलाकार त्यांना पुन्हा आई, बहीण, नात म्हणून समोर बसवतात.

आपल्या वर्तमानपत्रांत आणि पोर्टलांवर याच्या बरोबर उलट घडतं. तलाक असो, निवडणूक असो, जनगणना असो, मुसलमानांविषयी कुठलीही बातमी असली की सोबत काळ्या बुरख्यातल्या पाठमोऱ्या बायकांचं तेच ठरीव छायाचित्र लागतं. २०२४मध्ये चेंबूरच्या एका महाविद्यालयाने वर्गात हिजाब, नकाब, टोपी यांवर बंदी घातली तेव्हा नऊ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जूनमध्ये याचिका फेटाळली गेली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीवरच्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. न्यायालयासमोरचा प्रश्न नियमाचा होता आणि न्यायालयाने त्याचंच उत्तर द्यायचं असतं. पण त्या नऊ मुलींच्या घरी यावर काय बोलणं झालं असेल? कोणाची आई म्हणाली असेल की काढून ठेव, शिक्षण महत्त्वाचं. कोणाची आई स्वतः डोकं झाकत नसेल आणि लेकीने हट्टाने घेतला असेल. कोणाच्या घरी बापाचा शब्द शेवटचा असेल. हे आपल्याला माहीत नाही, कारण कोणी विचारलेलं नाही. ते विचारण्यासाठी वार्ताहर हवेत, लेखक हवेत, आणि मुंब्र्यातल्या, मालेगावातल्या, रत्नागिरीतल्या घरांत वाढलेल्या, आपल्याच आईचा फोटो काढायला धजावणाऱ्या मुली हव्यात.